येते म्हणजे जाते

लोणावळ्याशेजारच्या औंढ्याहून आमचं सामान भरलेला टेम्पो निघाला तेव्हा आई म्हणाली, "देहूरोड काय परदेस हाय व्हय रडायला?" आणि पदर डोळ्यांना लावला. खरं तर याला स्थलांतर म्हणायचा धीर होत नाही. लोक अमेरिकेला जाऊन आठवणी लिहितात. मी लोकलच्या पासावर भागवलं.

कारण होतं सई, माझी नऊ वर्षांची मुलगी. तिला ऑटिझम आहे आणि तिला मानवणारी शाळा इकडे होती. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा शब्द घडवणाऱ्याला सई भेटली नसावी. ती स्वतःत कमी आणि आमच्या बोलण्यात जास्त मग्न असते.

तिला बाहेर नेणं आता जमतं. निघण्याआधी क्रम सांगायचा: आधी भाजी, मग पाव, मग घर. वाटेत कुणीही भेटो, क्रम मोडायचा नाही. कानांवर हेडफोन, आणि गर्दी व्हायच्या आत मंडई. एकदा स्वमग्न मुलांसाठीच्या जनजागृती कार्यक्रमाला गेलो, तर तिथे डीजे! प्रमुख पाहुण्यांचा सत्कार होईपर्यंत सभागृहात एकही स्वमग्न मूल उरलं नव्हतं.

फिसकटायचं ते आई आम्हाला भेटून परत निघाली की. ती डब्यात चढायची, "येते गं बाई" म्हणायची, गाडी सुटायची आणि सई फलाटावर बसकण मारायची. उचललं की किंचाळायची. "एक ठेवून द्या, सरळ होईल," हे तिथल्या एका काकांचं निदान. आम्ही भोंग्याला दोष दिला, गर्दीला दिला. शेवटी आईच म्हणाली, "माज्यापायी लेकराला तरास नको. मी येतच न्हाई आता."

मग माझ्या बायकोच्या, सुजाताच्या, लक्षात आलं. पुढची गाडी आली की सई तिचे डबे न्याहाळायची. आजी "येते" म्हणाली होती; सई तिची वाट बघत होती. निरोपाच्या त्या शब्दावर शब्दशः विश्वास ठेवणारी सगळ्या मावळात ती एकटीच असावी.

मी आईला फोन केला. "ये तू. फक्त निघताना जाते म्हण."

"काय बोलतोस? जाते म्हनतंय व्हय कुनी? लय अभद्र!"

"तू येते म्हणालीस की सई तिथून हलत नाही, आई."

आईने फोन ठेवला.

पुढच्या खेपेला ती लोकलच्या खिडकीत बसली. गाडी सुटायच्या आधी, कडू काढा प्यावा तसं तोंड करून म्हणाली, "सई, आजी जाते."

"जा," सई म्हणाली, आणि सुजाताचा हात धरून शांतपणे जिन्याकडे चालू लागली.

"बघ की! हाकलती म्हातारीला!" आई हसत होती, डोळे पुसत होती.

गाव सोडताना वाटलं होतं, घर मागे राहिलं. गावात मागे राहिलेल्यांनाही आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनाही तसंच वाटत असेल. आता वाटतं, एका लेकरासाठी जन्मात न उच्चारलेलं अभद्र बोलायला जिथे कुणी तयार होतं, ते घर. मग तो देहूरोडचा फलाट का असेना.

गाडी हलली. सई जिना चढून गेल्याची खात्री करून आईने खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि अगदी हळू म्हणाली, "येते रे."