मायच्या उजव्या खांद्यातली कळ

पोटाच्या दुखण्यासाठी मायनं अमरावतीच्या अंबादेवीला साकडं घातलं, तेव्हा मी मनातून चिडलो होतो. आमच्या कुणब्याच्या घरात मुंबईला राहून बी.ए. झालेला पहिला मीच. त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण जेवणानंतर माय उजवी बरगडी धरून लोळायची, ओकायची, तेव्हा मला काही सुचत नसे. माझे वडील, दादा, म्हणत, "तुह्या कालेजात पोट नाही शिकवत का रे?"

सगळ्यांच्या मते तो वायू होता. दादा कढत तुपात हिंग घालून पाजत. उजवा खांदाही दुखायचा, पण त्याचं कारण उघड होतं. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला आमचा कापूस हवा होता, घरोघरी बाया दिवसभर चरकी फिरवून सरकी काढत होत्या. म्हणून खांद्याला तेल, पोटाला तूप.

ओटी भरायला आम्ही अकोल्याहून बैलगाडीनं निघालो. वाटेत नाल्याच्या उतारावर कापसाची गाडी कलंडली आणि मागे गाड्यांची रांग लागली. कापसानं दिवस बरे आणले होते, शिदोरीत पुऱ्या होत्या. त्या खाऊन थोड्या वेळानं मायला अशी कळ आली की ती ओकून ओकून पांढरी पडली. आता ही जाते, असं मला वाटलं. दादांनी तीन दगडांवर तूप तापवलं.

मागच्या दमणीतून, हलक्या बैलगाडीतून, एक गृहस्थ उतरले. पलटणीच्या दवाखान्यातले डॉक्टर होते.

"ओकल्यावर बरं वाटतं का, बाई?"

"कायचं बरं? आतडं बाहेर याले झालं, कळ तशीच."

"ती जाते कुठं?"

मायनं उजव्या खांद्यामागे बोट नेलं. "पण थे चरकीचं हाय."

"गाडीत बसून चरकी फिरवत होता?"

दादा हसले आणि लगेच मायच्या खांद्याकडे पाहू लागले. डॉक्टरांनी बरगडीखाली दाबलं तशी माय कळवळली. डोळ्यांतला पांढरा भाग पिवळट झाला होता, ते आम्ही पाहिलंच नव्हतं. ते म्हणाले, "हे पोट नव्हे. पोटाचं दुखणं ढेकर, उलटीनं बहुधा हलकं होतं. हे तेलकट-तुपकट खाल्ल्यावर उठतं आणि खांद्याकडे चढतं. पित्ताच्या पिशवीत खडे असावेत. तूप बंद. थंडी वाजून ताप आला, तर थेट दवाखाना गाठा."

त्यांनी अफूच्या अर्काचे थेंब दिले, शेकायला सांगितलं. जाताना म्हणाले, "गाडीवान वाट चुकला, नाहीतर मी या रस्त्याला येतो कशाला?"

दिवस कलेपर्यंत कळ ओसरली. पुढे पिवळेपणाही गेला. खडा सरकला असेल, असं मी आज सांगू शकतो. पण त्या भल्यामोठ्या रांगेत नेमकी तीच दमणी आमच्या मागे का लागली, हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

देवळात ओटी भरून माय बराच वेळ उभी होती. मी विचारलं, "काय मागितलं?"

"मागू काय, बापा? वाटेतच देऊन बसली थे. मी आपली पाहून राहिली तिच्याकडे."

आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारत आलो. त्या दिवशी मायच्या बाजूला, काहीही न विचारता, हात जोडून उभा राहिलो.