बस यायच्या आधीचं तोंड

डायवरकाकांनी काढलेल्या फोटोंत माणसं हात वर करून उभी असत. म्हातारी, तरणी, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली, सगळीच. एका बाईने एका हातात बकरीचं दावं धरलंय आणि दुसरा हात वर केलाय. परक्या माणसाला वाटावं, समुद्रपूर तालुक्यात दरोडा पडला होता आणि दरोडेखोराने जाता जाता फोटोही काढून घेतले.

कारण साधं होतं. काकांनी उभं आयुष्य एसटी चालवली, तीही याच तालुक्यातल्या गावांतून. त्यांचं तोंड दिसलं की हात दाखवायचा, हे लोकांच्या अंगात मुरलं होतं. काका निवृत्त झाले, बस दुसऱ्याच्या हाती गेली, तरी लोकांचे हात वर जायचे ते जायचेच. काका कॅमेरा खाली घेऊन ओरडायचे, "अरे बावा, मी पायी आहो! हात कायले दाखवतं?" माणूस ओशाळून हात खाली घ्यायचा आणि विचारायचा, "मंग बस कवा येते जी?"

निवृत्तीनंतर लोक घरावर मजला चढवतात. काकांनी ग्रॅच्युइटीचा मोठा लचका तोडून लेन्स आणली. पंच्याऐंशी एमएम, एक पॉइंट दोन, हाताने रिंग फिरवून फोकस करायची. कॅमेरा जुनाच, कुणाचा तरी वापरलेला. लेन्स मात्र नवी कोरी. ती नातवाच्या जुन्या लोकरी कानटोपीत झोपायची. धूळ उडाली की काका आधी तिच्यावर रुमाल टाकायचे, मग स्वतः शिंकायचे. काकू म्हणायच्या, "मले थंडीत कधी शाल आनली नाई यायनं. अन् त्या काचेले टोपी!"

मी शेजारचा, पंचायत समितीतला कारकून. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी रविवारी ते मला धरून न्यायचे. एकदा मी वैतागून विचारलंच की काका, तुम्हाला हवंय तरी काय? ते म्हणाले, "बस दिसली की मानूस तोंड बदलवते. डायवरले सारी जिंदगी तेच बदललेलं तोंड दिसते. मले बस यायच्या आधीचं तोंड पाहिजे. एकच पाहिजे, पन खरं पाहिजे."

लेन्स आली त्याच वर्षी उजव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. हा डोळा फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. डाव्या डोळ्याने काम भागेल की, असं मी म्हणालो, तर काका चिडले. "डाव्यानं पाह्यलं तं नाक मधात येते!" त्यानंतर मात्र आमचे रविवार पुरेनात. गुरुवारीही ते माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभे राहू लागले.

त्या लेन्सचा स्वभावही विचित्र होता. एवढंसं काहीतरी लख्ख दाखवायची आणि बाकी सगळं विरघळवून टाकायची. आमच्या गल्लीतल्या एका शेतकऱ्याने नवा ट्रॅक्टर घेतला आणि त्याच्यापुढे उभं राहून हौसेने फोटो काढून घेतला. फोटोत त्याच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा आला, पण ट्रॅक्टरच्या जागी नुसता लाल ढग. "माहा ट्रॅक्टर कुठी गेला?" तो हादरून म्हणाला. काकांनी समजावलं, "मागचं धुकट होते, त्याचेच तं पैसे पडले." तो म्हणाला, "पैसे देऊन धुकट? माहा मोतीबिंदू फुकटात दाखवते!"

ओळखीच्या गावांत हात वर जातात म्हणून काकांनी मोर्चा जाम गावाकडे वळवला. हमरस्त्याचा चौक, येणारे-जाणारे परके. त्यांनी रस्त्याच्या कडेला तिपाई रोवली, कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला आणि समोरच्या दुकानांकडे लेन्स रोखून बसले. कुणाशी बोलणं नाही, हसणं नाही. मी शेजारी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखा, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

व्हायचं तेच झालं. रस्ता पुन्हा रुंद होणार, भरपाई मिळणार आणि मोजणीवाले आले, अशी बातमी चौकात पसरली. पुढच्या खेपेला गेलो तर जिथे कधी कुसळ उगवलं नव्हतं तिथे संत्र्याची कलमं ओळीने उभी होती. चहाच्या टपरीला मागून पक्की भिंत फुटली होती, तिचं सिमेंट अजून ओलं होतं. टपरीवाला न मागता चहा घेऊन आला आणि काकांच्या कानाशी लागला, "साहेब, आपली भिंत बी घेजा बरं मोजनीत. जुनी आहे." काका त्याला कळवळून सांगत होते की मी फक्त तोंडं पाहतोय. तो मान डोलवून गेला आणि थोड्याच वेळात सगळा चौक आपापला सातबारा छातीशी धरून लेन्ससमोर रांगेत उभा राहिला. सगळे गंभीर. काकांनी मुकाट्याने एकेकाचा फोटो काढला. परतताना मला एवढं हसू येत होतं की गाडी चालवणं कठीण झालं. मागे बसलेले काका हळूच म्हणाले, "उजव्यानं आता सातबारा बी धुकट दिसून राह्यला." माझं हसू तिथेच विरलं.

त्यानंतर वर्ध्याला डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीला गेलो. काकूंनी नको म्हणून बजावूनही कॅमेरा आणि कानटोपीतली लेन्स पिशवीत होतीच. काकांच्या डोळ्यांत औषध घातलं आणि बाकावर बसवलं. बाकावर दोन्ही बाजूंनी तसेच औषध घातलेले लोक बसले होते. कुणाला धड दिसत नव्हतं, कुणी कुणाकडे पाहत नव्हतं, आपापला नंबर यायची वाट पाहणं चाललं होतं.

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "ते तोंडं इथी आहेत रे," ते कुजबुजले. "सारे इथीच आहेत. अन् मले दिसून नाई राह्यलं."

मी म्हणालो, द्या, मी काढतो. "नाई. डायवर मीच. तू कंडक्टर हो, पाहून सांगजो." मग कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर मी पाहायचं आणि त्यांनी रिंग फिरवायची, असं ठरलं. समोर कारंज्याकडून आलेला एक म्हातारा तंद्रीत बसला होता. मी दबक्या आवाजात, बस मागे घेताना देतात तशी हाळी देऊ लागलो, "येऊ द्या, येऊ द्या, थोडं अजून... बस्स!" काकांनी बटण दाबलं आणि नेमकी त्याच क्षणी म्हाताऱ्याने मान वळवली.

काकांनी मग त्याला रीतसर विचारलं, तुमचा फोटो घेऊ का. "घ्या ना जी," म्हणून तो ताठ बसला, टोपी नीट केली. "घेतला जी," काका म्हणाले. "कवा?" म्हाताऱ्याने दुखावून विचारलं.

मोठा करून आणलेला फोटो पाहून मी हबकलो. चेहरा सगळा धुकट. स्पष्ट आला होता तो फक्त कान, केसांसकट, आणि कानावर खोचलेली अर्धी विडी. पुन्हा जाऊ म्हणालो. काकांनी फोटो डाव्या डोळ्याशी नेला आणि बराच वेळ पाहत राहिले. "काऊन पुन्हा?" ते म्हणाले. "पाय तं, किती निवांत कान आहे. याले मालूमच नाई मी पाहून राह्यलो ते." आणि लहान पोरासारखे खूश झाले.

तो त्यांचा शेवटचा फोटो. उजवा डोळा त्या पावसाळ्यात गेला आणि काका मागच्या उन्हाळ्यात.

परवा त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर काकांचा खाकीतला फोटो, त्याला हार. शेजारी तो कान, त्यालाही तसाच हार. मी बिचकत म्हणालो, "काकू, हा माणूस कुठेतरी चांगला जिवंत असेल. त्याच्या कानाला हार कसा काय?"

काकूंनी कानावरचा हार सरळ केला. "खाकीतल्या फोटोत हे नुसते फोटो काढून घेऊन राह्यले. कोनी बी असते तसे. या कानाकडे पाह्यलं की मले हे दिसते, डोयाले काच लावून पाहून राह्यलेले. म्या तं तसंच पाह्यलं त्यायले."

मी बाहेर जाऊन चपला काढून आलो आणि आधी कानाला नमस्कार केला.