आईने पथ्य मोडलं म्हणून कळलं

आज सकाळी मी आईवर ओरडलो. का, ते सांगतो.

मणक्याचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली, तरी तिची कंबर दुखायची थांबली नव्हती. म्हणून गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी कण्याजवळ बारीक वायर घातली आणि तिला जोडलेलं छोटं मशीन कमरेला बांधलं. ते नसांना हलका करंट देतं, त्याने दुखणं दबतं. आठ दिवसांत फरक पडला, तर कायमचं मशीन आत बसवायचं. तोवर वाकायचं नाही, हात वर ताणायचे नाहीत.

आमचं घर दातिवऱ्याला, अंगणात बोंबील सुकवायची वलांडी, म्हणजे बांबूंची उंच मांडणी. सकाळी बघतो तर आई हात उंचावून बोंबील टांगतेय! तासाभरात दुखणं परत सुरू. वायर सरकली होती.

दुपारी बोईसरला डॉक्टरांकडे मी तिची तक्रारच केली.

आई खाली बघत म्हणाली, "दुकत नव्हता, मंग इसरले मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला एवढंच कळायला हवं होतं. कायमचं बसवू या."

तीन वर्षांत पहिल्यांदा ती कंबर विसरली होती, आणि मी नेमका तेव्हाच ओरडलो.

घरच्या माणसाने पथ्य मोडलं की तुम्ही आधी ओरडता, की विचारता?