भोक पडलेलं तिसरं तिकीट

शहर बससेवेत तिकीट तपासनीस म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी पाठीमागे चिमटाबाई म्हणत. तोंडावर नुसतंच बाई. चिमटा म्हणजे तिकिटाला भोक पाडायचं, मुठीत मावणारं लोखंडी हत्यार. प्रत्येक तपासनिसाच्या चिमट्याचं भोक वेगळ्या आकाराचं असे. कुणाचं चौकोनी, कुणाचं तिकोनी. तक्रार आली तर तिकीट कुणी तपासलं ते ऑफिसात बसल्या जागी कळावं, एवढाच हेतू. बाईंच्या वाट्याला अर्धचंद्र आला होता. "बाईंनी आज किती जणांना अर्धचंद्र दिला?" हा डेपोतला विनोद त्या रुजू झाल्या त्या वर्षी जन्मला आणि त्या निवृत्त झाल्या तेव्हा मेला.

नियम सोपा होता. भोक पडलेलं तिकीट म्हणजे वापरलेलं तिकीट. ते पुन्हा कुणी पुढे केलं, की त्याला पुढच्या थांब्यावर उतरवायचं. उतरताना प्रत्येकाकडे गोष्ट असे. भोक चुकून पडलं, पोराने पाडलं, आधीपासूनच होतं. बाई गोष्ट पुरती ऐकून घेत आणि घंटीची दोरी ओढत.

अशा बाईंच्या घरात थीम पार्कची तीन तिकिटं तेवीस वर्षं पडून होती.

ती सापडली खोलीला रंग द्यायला कपाट हलवलं तेव्हा, शिलाई मशीनच्या हमीपत्राच्या पाकिटात. सापडली लेकीला. लेक बत्तीस वर्षांची, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. बारीक अक्षर वाचायची तिला सवय.

"आई, यावर तारीखच नाही."

"नसेल."

"नसेल काय? वाच ना. 'पार्क उघडे असेल अशा कोणत्याही दिवशी एका व्यक्तीस प्रवेश.' म्हणजे आजही चालतील ही!"

बाबा खुर्चीवर वर्तमानपत्र धरून बसले होते. शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून त्यांनी अख्खी नोकरी काढली, त्यामुळे स्फोट होण्याआधीची शांतता त्यांना ओळखता येई. त्यांनी पान उलटलं नाही.

"दोन चालतील," बाई म्हणाल्या. "तिसरं वापरलेलं आहे."

तिसऱ्या तिकिटाच्या बरोबर मध्यावर अर्धचंद्राचं भोक होतं.

हे भोक पडलं त्या शनिवारी बाई ड्यूटीवरून नुकत्या घरी आल्या होत्या. गणवेश अंगावर, चिमटा मुठीत. लेक नऊ वर्षांची, उद्या पार्कात जायचं म्हणून दुपारपासून बूट घालून बसलेली. बाबांनी आणलेली तिकिटं पत्त्यांसारखी पंख्याच्या आकारात धरली आणि गमतीने म्हणाले, "तिकीट प्लीज, बाई, तपासा!" बाईंचं लक्ष चपला काढण्यात होतं. हात पुढे झाला, वरचं तिकीट चिमट्यात गेलं आणि खट्. डोक्याला कळलं तोवर हाताचं काम उरकलं होतं.

"जाऊ दे गं," बाबा तेव्हा म्हणाले होते. "दारावर सांगू, चुकून पडलं."

"रोज वीस जण मला हेच सांगतात."

"पण आपलं खरं आहे!"

"त्या विसांचंही खरंच असतं. त्यांच्या तोंडून ऐकलं तर."

शहरातली निम्मी माणसं बाईंना चेहऱ्याने ओळखत. चिमटाबाई भोकाचं तिकीट घेऊन दारात उभी आणि मागे रांग, हे चित्र त्यांना नुसतं मनात आणवेना. तुम्ही दोघं जा, असं त्यांनी सांगून पाहिलं. लेक म्हणाली, तिघं नाही तर कुणीच नाही, आणि बूट काढून फेकले. तिसरं तिकीट पुढच्या महिन्यात घेऊ असं ठरलं. पुढच्या महिन्यात बाईंची पाळी बदलली, मग लेक तापाने पडली, मग परीक्षा. मग एक दिवस ती आपणहून म्हणाली, मला नाही आवडत तसले पाळणे. तिकिटं पाकिटात गेली ती गेलीच.

आता लेकीने तिथल्या तिथे पार्कला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, तारीख नसलेली जुनी तिकिटं आम्ही घेतो, मात्र वापरलेली नकोत.

"ऐकलंस?" बाई म्हणाल्या.

"ऐकलं. पण वापरलेलं म्हणजे काय, ते तू ठरवणार की ते?"

 रंगाऱ्याने भिंतीचा पहिला हात संपवायच्या आत तिकिटं बाईंच्या पर्समध्ये गेली होती. हे लेकीने पाहिलं आणि बाबांनीही पाहिलं.

रविवारी तिघं पार्कच्या दारात उभी राहिली. बाबांचे गुडघे कुरकुरत होते, तरी आज ते तक्रार करत नव्हते. खिडकीतल्या मुलीच्या हातात दिवा लागणारं यंत्र होतं. जुनं तिकीट तिने त्याच्यापुढे धरलं, उलटं करून धरलं, शेवटी नखाने खरवडून पाहिलं.

"याला पट्ट्यांचा कोडच नाहीये. केव्हाचं आहे हे?"

"तुम्ही शाळेत जायच्या आधीचं," बाबा म्हणाले.

मुलगी हसली. मग तिने दोघांकडे नीट पाहिलं. "आजी, आजोबा, तुमची वयं काय?"

"सहासष्ट आणि एकोणसत्तर."

"मग तिकीट कशाला काढताय बाहेर? पासष्टच्या वर फुकट आहे. ताईंचं तेवढं एक द्या, ते मी घेते. चला, या आत."

झालं. सगळा प्रश्न मिटला. लेकीने पटकन एक चांगलं तिकीट सरकवलं आणि आईच्या कोपराला धरून हलकेच ओढलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"आई, चल ना."

"थांब." बाईंनी पर्समधून भोकाचं तिकीट काढलं आणि खिडकीत ठेवलं. "हे चालतं का, ते सांगा."

"पण तुम्हाला लागतच नाहीये ते!"

"लागत नाही, ते कळलं. चालतं का, ते विचारतेय."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो आजी, देव फुकट देतोय तर घ्या की!" बाबांनी वळून त्या माणसाला सांगितलं, "तुम्ही पाणी प्या. वेळ लागणार आहे."

मुलीने तिकीट हातात घेतलं. "हे भोक कसलं?"

बाईंनी घसा साफ केला. हे वाक्य त्यांनी हजारो वेळा ऐकलं होतं, म्हणायची वेळ पहिलीच. "माझ्या हातून चुकून पडलं."

मुलगी गोंधळली. तिने दुसऱ्या यंत्रात बोलून कुणाला तरी बोलावलं. पाच मिनिटांनी हरवलेल्या सामानाच्या खोलीतून एक पिकल्या मिशांचे काका आले. दोन्ही बगलांत कुणाच्या तरी विसरलेल्या छत्र्या. पार्क उघडलं तेव्हापासूनचे ते एकटेच आता उरलेत, असं मुलीने सांगितलं. काकांनी छत्र्या खाली ठेवल्या, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि तिकीट उजेडात धरलं.

"आमचंच आहे. कागद ओळखतो मी. कोरं आहे."

"भोक आहे त्याला," बाई म्हणाल्या.

"असू दे की. भोकाचं आम्हाला काय? आम्ही कधी भोक पाडायचो नाही. कोपरा फाडायचो." त्यांनी तिकिटाचे चारही कोपरे बोटाने एकेक दाखवले. "चारी शाबूत. म्हणजे कोरं."

"कोपरा कधीपासून फाडता?"

"पहिल्या दिवसापासून."

"मधे काही वर्षं चिमटा वापरला असेल. तेवीस वर्षांपूर्वी वगैरे."

"बाई, चिमटा मी आयुष्यात हातात धरला नाही. इथे दारावर मीच असायचो. भोकाचं काय, तुम्ही चाळणी करून आणली असती तरी घेतली असती."

बाईंनी मान हलवली. काकांनी तिकिटाचा कोपरा बोटांत धरला. "मग फाडू कोपरा?"

"फाडा. तिन्हींचे."

काकांनी तिन्ही कोपरे फाडले आणि फुकटात जाऊ शकणारी दोन म्हातारी माणसं तिकीट वापरून आत गेली. खिडकीतल्या मुलीला त्यांनी यात काय मिळवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आत शिरल्यावर बाबांनी बाकडं गाठलं आणि गुडघे चोळले. "बोलू का काही?"

"बोला."

"नको. तेवीस वर्षं दम धरलाय, आणखी थोडा धरतो."

"बाबा!" लेक म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "दारावर येऊन विचारायला हवं होतं." मग जत्रेतल्या माणसासारख्या त्या इकडेतिकडे पाहू लागल्या आणि उंच चक्राकडे बोट दाखवलं. "त्याला रांग कुठून लागते?"

बाबा बाकड्यावरच राहिले. मायलेकी रांगेत उभ्या राहिल्या. बाई हातातल्या कोपरा गेलेल्या तिकिटाच्या भोकावरून अंगठा फिरवत होत्या.

"एक घड्याळवाला होता," त्या एकदम म्हणाल्या.

"कोण?"

"बसमध्ये. भिंतीवरचं मोठं घड्याळ दुरुस्त करून पोचवायला निघाला होता. दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्याने तिकिटात पेचकस घुसवला, भोकातून सुतळी ओवली आणि तिकीट घड्याळाच्या गाठोड्याला बांधलं. निदान म्हणाला तरी तसं."

"मग?"

"उतरवलं. दोन थांबे आधीच."

"खोटं बोलत असेल."

"नाही." बाईंनी तिकीट लेकीच्या डोळ्यांपुढे धरलं. "ही कड बघ. कापलेली आहे. गुळगुळीत. चिमट्याची अशीच असते. पेचकसाची फाटते, तिला कुसं निघतात. त्याच्या तिकिटाला कुसं होती. मला आत्ता दिसतायत."

"तेव्हा दिसली नव्हती?"

"दिसली असणार. भोक दिसलं आणि मी पुढचं बघितलंच नाही."

रांग सरकली. चक्रावरच्या माणसाने पाळण्याचं दार उघडून धरलं.

"तेव्हा नवीन असशील ना तू?" लेकीने विचारलं.

"छे गं," पाळण्यात पाय ठेवत बाई म्हणाल्या. "अठरा वर्षं झाली होती नोकरीला."