लेकीच्या कार्डावर

नोटीस चार ओळींची होती आणि वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर लावलेली होती. बालविभागातल्या कपाट क्रमांक नऊमधली पुस्तकं वाचकांअभावी बाद करायची आणि त्या जागी स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी टेबलं मांडायची. हरकत असल्यास वार्षिक सभेत मांडावी. मी ती उभ्याउभ्या दोनदा वाचली आणि पिशवीतल्या वहीत उतरवून घेतली. हरकत होती.

आमचं गाव तालुक्याचं, कराड आणि सांगलीच्या मधलं. मी तिथल्या साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. बेअरिंग, पट्टे, व्हॉल्व्ह. काय आलं, काय गेलं, कुणी नेलं, सही कुणाची. घरी माझी दुसरी यादी असते, वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींची. परग्रहावरच्या वसाहती, कालप्रवास, यंत्रमानव, चेटकिणी, बुडालेली नगरं. पुस्तकापुढे 'पु', चित्रकथेपुढे 'चि', सिनेमा 'सि', मालिका 'मा' आणि शेवटी एक शेरा. 'शेवट फसला.' 'राणी चांगली, राजा लाकडी.' 'यान परत वळतं तिथे रडले.' सध्या चौथी वही चालू आहे.

कपाट नऊ म्हणजे लोखंडी, माझ्याहून थोडं उंच, एक दार कधीच न लागणारं. आत विज्ञानकथा, अद्भुतकथा, भाषांतरं आणि कुण्या जुन्या सभासदाने देणगी दिलेले चित्रकथांचे बांधीव खंड. हे सगळं बालविभागात कुणी टाकलं, देव जाणे. मुखपृष्ठावर यान दिसलं की पुस्तक मुलांचं, असं ठरलेलं असावं. त्या यानात बसलेली बाई मेलेल्या नवऱ्याची आठवण पुसून घ्यावी की नको, यावर दोनशे पानं झुरते, ते कोण उघडून बघणार?

माझं बालपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. वडील वीजगृहात होते आणि वीजगृह डोंगराच्या पोटात. माणूस सकाळी डबा घेऊन डोंगरात जातो, संध्याकाळी बाहेर येतो आणि त्यामुळे लांबच्या शहरांत दिवे लागतात, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. मधूनच जमीन हलायची, मांडणीवरचे पेले वाजायचे, आई म्हणायची, "चला, बाहेर." आम्ही अंगणात उभे राहायचो आणि थांबलं की आत येऊन राहिलेला भात जेवायचो. पुढे पृथ्वीच्या पोटात राहणाऱ्या माणसांची गोष्ट वाचली तेव्हा मला त्यात अशक्य असं काही सापडलं नाही. असली पुस्तकं वास्तवापासून पळणाऱ्यांची, असं लोक म्हणतात. आमच्या वास्तवात डोंगराला दार होतं.

लग्न होऊन या गावी आले आणि पहिल्याच महिन्यात वाचनालयाची सभासद झाले. कपाट नऊमधलं एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. तेव्हाचे ग्रंथपाल चष्म्यावरून बघत मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, ते ल्हान पोरांचं हाय. तुमाला पाकक्रिया देऊ का?" पेपर वाचत बसलेले चौघे हसले. मी पाकक्रिया घेऊन घरी आले. त्यांचा राग मला अजून येतो, आणि त्यांच्याहून जास्त माझा.

मुलगी चार वर्षांची झाल्यावर मी तिच्या नावाने बालसभासदाचं कार्ड काढलं आणि त्यावर कपाट नऊ वाचायला लागले. माझं स्वतःचं कार्डही चालू ठेवलं, त्यावर चरित्रं आणि प्रवासवर्णनं न्यायची, दिसायला बरं. मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते आणि तिला यानांचा मनापासून कंटाळा आहे. वाचनालयाच्या दप्तरी मात्र ती अजून बालवाडीत आहे. कार्डाचं नूतनीकरण दरवर्षी होतं, वय कुणी विचारत नाही.

बाकी कुठे मी हे लपवलेलं नाही. घरचा टीव्ही माझ्या मालिकांना सरावलेला आहे. सांगलीला अंतराळाचा सिनेमा आला की मी एसटीने एकटी जाते. तिकीट फाडणाऱ्याने एकदा विचारलं, "मॅडम, पोरं मागनं येतायत का?" मी म्हटलं, "नाही. सिनेमा मीच बघणार आहे." तिथे बोलता आलं. गावच्या वाचनालयात, जिथे मला सगळे ओळखतात, तिथे बावीस वर्षं आलं नाही.

नोटीस वाचून मी ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी गेले. या आताच्या, माझ्याहून लहान. त्यांच्याकडून देवघेवीचं रजिस्टर घेतलं. जवळजवळ प्रत्येक पानावर कपाट नऊच्या नोंदी होत्या.

"वाचकांअभावी म्हणता, मग हे काय?"

"ताई, त्या बालसभासदांच्या. आणि समितीची माणसं दोन रविवार इथे बसून गेली. बालविभागात पोर काही फिरकलं नाही. अध्यक्ष सर म्हणाले, मग या नोंदी खोट्या."

"नोंदी खऱ्या आहेत. नावं खोटी आहेत."

त्या हसल्या. "मला काय सांगता? रोज बघते. पुस्तक बापाच्या हातात आणि कार्ड पोरीचं."

म्हणजे मी एकटी नव्हते. मी तिथेच बसून यादी केली. कपाट नऊवर चालणारी सतरा कार्डं निघाली. पाच खरोखर मुलांची होती, पण त्यांच्यावर शेवटचं पुस्तक गेल्याला वर्षं झाली होती. बाकी बारा कार्डांवरची मुलं मोठी होऊन गाव सोडून गेली होती आणि कार्डं वाचतच होती.

त्यातलं एक माझं. दुसऱ्या दिवसापासून बाकी अकरा जणांना फोन. बँकेतले एक साहेब म्हणाले, "मॅडम, माझं नाव कुठे घेऊ नका, मला शाखेत गिऱ्हाइकांसमोर बसायचं असतं." जणू शाखेत ड्रॅगनला बंदी आहे. एक शिक्षिका म्हणाल्या, "मी वर्गासाठी नेते हो, संदर्भ म्हणून." त्या शिकवतात भूमिती. एक आजोबा नातवाला वाचून दाखवायचे; नातू बंगळुरात इंजिनिअर.

ट्रॅक्टरच्या गॅरेजवाले भाई तेवढे सरळ बोलले. ज्या मुलाच्या नावावर त्यांचं कार्ड, तो दुबईत क्रेन चालवतो. "वहिनी, लय वाईट झालं. बांधीव खंडातला सहावा मी अजून वाचला न्हाई. त्यो राजा तुरुंगातच हाय माझ्यासाठी."

"मग सभेला या."

"येतो की! भितो का काय?"

सांगलीकडच्या एका खेड्यातले द्राक्षबागायतदार होते, जैन, बाजाराच्या दिवशी येऊन दोन पुस्तकं नेणारे. त्यांची अडचण वेगळी. "आवं ताई, सभा कवा हाय? दिवस मावळायच्या आत जेवायला घरी पोचावं लागतंय मला."

"चारला. पाचपर्यंत संपेल," मी म्हणाले. हे मात्र मी चुकीचं सांगितलं.

सभेच्या आदल्या दिवशी जाऊबाई आल्या होत्या. त्यांच्या कानावर गेलं होतं.

"चारचौघांत हे सांगणार तुम्ही? सासू व्हायच्या वयात राक्षस वाचते म्हणून?"

"तुमच्या मालिकेतली सून तीनदा मेली आणि तीनदा परत आली. दरवेळी तोंड नवं. त्याला कुणी पोरकट म्हणत नाही."

"ते घरगुती असतं."

"मेलेलं माणूस परत येणं घरगुती?"

वर्तमानपत्रामागे नवरा हसत होता. मग पेपर खाली करून म्हणाला, "हसण्यावारी नेऊ नकोस. कार्डाचं कबूल केलंस तर तुझंच सभासदत्व काढतील. मग काय वाचशील?"

हा प्रश्न खरा होता. महिन्याला आठ-दहा पुस्तकं मी तिथूनच आणते. मी म्हटलं, "गप्प बसले तरी ती पुस्तकं जाणारच आहेत."

सभेला पन्नासेक माणसं होती. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, गावाचे सर. मागचं इतिवृत्त, श्रद्धांजली, सत्कार, चहा. कपाट नऊचा विषय निघाला तेव्हा सहा वाजत आले होते. द्राक्षबागायतदारांनी दोनदा खिडकीबाहेर बघितलं. मी खुणेनं विचारलं, जाताय का? ते तिथूनच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. एक दिवस न्हाई जेवलं म्हणून मरत न्हाई माणूस."

सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. परीक्षेची पोरं-पोरी जागा नाही म्हणून जिन्यात बसतात, मी रोज पाहते. मी उभी राहिले आणि आधी तेच सांगितलं. टेबलं हवीत. कपाट व्हरांड्यात हलवा, हरकत नाही. पुस्तकं रद्दीत का?

"वाचक नाहीत म्हणून, बाई."

"मी आहे. बावीस वर्षं लेकीच्या कार्डावर ही पुस्तकं मी नेली. लेकीने त्यातलं एकही उघडलेलं नाही."

मागून कुणी ओरडलं, "मग दंड लेकीला करा!" सभा हसली. मी पाणी प्यायले आणि हसणं संपेपर्यंत उभी राहिले. मग म्हणाले, "हसून झालं असेल तर पुढचं सांगते. अशी कार्डं बारा आहेत. नावं मी सांगणार नाही. ज्यांची आहेत त्यांनी उभं राहावं."

भाई उठले. द्राक्षबागायतदार उठले. बऱ्याच वेळाने भूमितीच्या बाई उठल्या, पदर सावरत. बँकेतल्या साहेबांना मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं सापडलं होतं.

सरांनी ठरावाविरुद्ध असलेल्यांना हात वर करायला सांगितले. मोजणी सुरू झाली आणि ग्रंथपाल बाई अवघडून म्हणाल्या, "भाई, तुमचा धरता येणार नाही. तुमचं स्वतःचं सभासदत्व नाही. बालसभासदाला मत नसतं."

"मग ह्यो हात कुणाचा हाय?" भाई म्हणाले.

द्राक्षबागायतदारांचंही तेच. पोरांच्या कार्डावर भागत होतं म्हणून त्यांनी आपली कार्डं कधीच काढली नव्हती. अब्रू राखायला आम्ही मुलांच्या नावामागे लपलो आणि हात वर करायची वेळ आली तेव्हा आमच्यापैकी निम्म्यांना हातच नव्हते. पुस्तकं बाद करायचा ठराव मंजूर झाला.

सर माझ्याकडे वळले. "बाई, खोट्या नावाने पुस्तकं नेल्याबद्दल नियमाने तुमचं सभासदत्व रद्द करता येतं."

"करा. पण इतिवृत्तात कारण पूर्ण लिहा, सर. प्रौढ बाईने विज्ञानकथा वाचल्या म्हणून."

सरांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या हाताखाली अर्धं गाव शिकलेलं आहे आणि उलट उत्तराची त्यांना सवय नाही. त्यांनी माझ्याकडे आणि हात न मोजलेल्या भाई-द्राक्षबागायतदारांकडे बघितलं; दोघांपैकी कुणीच बसायला तयार नव्हतं. मग म्हणाले, "ठराव झाला तो झाला. अंमलबजावणी माझ्याकडे आहे. एक महिना देतो. या महिन्यात जे पुस्तक प्रौढ सभासदाच्या नावावर, त्याच्या सहीने जाईल, ते प्रौढ विभागात राहील. उरतील ती बाद. आणि लेकीचं कार्ड उद्या जमा करा."

मी ते सकाळी अकराला जमा केलं. माझ्या आधी भाई येऊन सभासद होऊन गेले होते, सहावा खंड घेऊन. बाजाराच्या दिवशी द्राक्षबागायतदारांनी अर्ज भरला. कपाटातल्या सगळ्या पुस्तकांची यादी करून मी दारातल्या फळ्यावर लावली आणि नोंद झाली की त्या नावापुढे बरोबरची खूण. भूमितीच्या बाई पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून नेत. घालू देत, सही त्यांची होती. बँकेतल्या साहेबांनी बायकोला सभासद केलं आणि तिच्या नावावर न्यायला लागले. बायको प्रौढ होती, नियमात बसलं.

नवऱ्यालाही मी सभासद केलं. तो वाचत नाही, पण सही चांगली करतो.

तरी शेवटच्या दिवशी यादीत अकरा पुस्तकं खूण नसलेली उरली. पाठीचे दोरे सुटलेली, दोन तर मुखपृष्ठाशिवाय. माझ्या कार्डावर एका वेळी दोन मिळतात. एकाच दिवशी किती वेळा, हे नियमावलीत लिहिलेलं नाही; मी ती आधीच वाचून घेतली होती. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, अकरा पुस्तकं काढून टेबलावर रचली आणि पहिली दोन पुढे केली. नोंद झाली. सही केली. तिथेच परत केली आणि पुढची दोन घेतली.

"ताई, सर रागावतील," ग्रंथपाल बाई लिहितालिहिता म्हणाल्या.

"रागावू देत. सही माझी आहे."

मागे परीक्षेच्या मुलींची रांग लागली. त्यांना संदर्भग्रंथ हवे होते. एकीने मान पुढे काढून विचारलं, "काकू, इतकी कुणासाठी नेताय?"

"माझ्यासाठी."

"आणि हे कशावर आहे?" तिने मुखपृष्ठ नसलेल्यावर बोट ठेवलं.

"एक गाव रोज सकाळी उठतं तेव्हा शंभर वर्षं पुढे गेलेलं असतं. एका बाईला मात्र कालचं सगळं आठवतं."

सगळ्या वाचनालयाला ऐकू गेलं. पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. कुणी हसलं असेलही, मी बघितलं नाही. सहीची जागा शोधत होते.

"मग ती काय करते?" मुलीने विचारलं.

"वाच आणि बघ. पण आधी मला नोंदवू दे."

"काकू, लवकर करा ना, रांग बघा किती झालीये," मागची एक वैतागली.

"थांब जरा," मी म्हणाले आणि पुढची दोन उचलली. "अजून पाच आहेत."