इद्रिसची अर्पणपत्रिका

विद्यानगरच्या आमच्या दुकानात कागद साठतात तसे किस्सेही साठतात. कागद निदान रद्दीवाला तरी नेतो, किस्से कोण नेणार? युनिव्हर्सिटी पलीकडेच, त्यामुळे इतकी वर्षं मी पोरांचे पीएच.डी.चे प्रबंध टाइप करतेय. यादगिरी बाइंडिंग करतो. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, पानाचा आकडा बघून लावतो, पण हात सफाईदार. आणि आमचे हे, रेल्वेतून रिटायर झाल्यापासून कोपऱ्यात टीव्ही लावून जगाचं राजकारण चालवतात! बाकीचे किस्से हसायचे आहेत, ते कधीही सांगीन. आज इद्रिसचे सांगते.

* * *

इद्रिस सुदानचा. सहा फूट उंच, पण बोलणं देवळात बोलल्यासारखं हळू. त्याची हिंदी मोडकी, माझी इंग्रजी त्याहून मोडकी, तरी आमचं छान जमायचं. प्रबंधाचा विषय होता आफ्रिकेतलं सार्वजनिक जीवन आणि नीतिमत्ता. ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय रे, तुमच्याकडे नीतिमत्ता आहे तरी का?"

"तिसऱ्या चॅप्टरमध्ये आहे, अंकल," तो म्हणाला. "पण तुमचं शहर कमाल आहे! ह्या गल्लीत सकाळपासून अकरा घरं बघितली. सगळ्यांवर टू-लेटची पाटी. मी दिसलो की म्हणतात, आत्ताच गेलं. एका सकाळी अकरा घरं!"

यादगिरी पोट धरून हसला. आम्ही दोघं हसलो नाही. आमच्या घराची वरची खोली तेव्हा रिकामीच होती. हे माझ्याकडे बघत होते आणि मी स्क्रीनकडे. सांगायला लाज वाटते, पण मी तोंड उघडलं नाही. शेवटी तो टोलीचौकीला राहिला आणि दोन बस बदलून यायचा.

* * *

पाचवा चॅप्टर ‘देशाची सद्यःस्थिती’. तो मी चार वेळा टाइप केला! संपवून हुश्श करावं, की हा दारात. "आंटी, थांबा. तिकडे बदललं."

तिसऱ्या वेळी माझं डोकंच फिरलं. "अरे बाबा, तुझ्या देशाला सांग, एक महिना गप बस म्हणावं!"

यादगिरी आतून ओरडला, "क्या मुल्क है भाई तुम्हारा! मेरा गोंद सूखने तक भी नहीं रुकता!"

इद्रिस तेव्हा खळखळून हसला. चौथ्या वेळी मात्र आला तो नुसता स्टुलावर बसून राहिला. "ज्या नगरपालिकेवर लिहिलं ना, आंटी, ती इमारत जळाली. माणसं कुठे गेली, कुणाला माहीत नाही. आता हा चॅप्टर कुणाबद्दल आहे?"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार!

* * *

ह्यांचा टीव्ही दिवसभर युरोपातली लढाई दाखवायचा. नकाशे, बाण, सूटबूटवाल्यांची भांडणं. एकदा इद्रिसने अगदी साधेपणाने विचारलं, "अंकल, आमची लढाई कुठल्या चॅनेलवर असते?"

हे म्हणाले, "थांब, लावतो." रिमोट घेऊन सगळी चॅनेलं फिरवली. तेलुगू झाली, हिंदी झाली, इंग्रजी झाली. क्रिकेट लागलं, साबण लागला, राशिभविष्य लागलं.

"जाहिराती संपल्या की देतील," हे म्हणाले.

तो बिचारा शेवटच्या बसपर्यंत बसला. त्यानंतर चार दिवस ह्यांनी टीव्हीच लावला नाही.

* * *

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अर्पणपत्रिकेचं पान करताना विचारावंच लागतं, वडील आहेत का? माझ्याकडे दोन नमुने तयारच असतात. असले तर ‘माझ्या वडिलांना’, साधं पान. नसले तर ‘माझ्या वडिलांच्या स्मृतीस’, भोवती काळी चौकट.

प्रबंध जमा करायच्या शेवटच्या दिवशी, मान वर न करता, मी सवयीने विचारलं, "बाबा आहेत ना रे?"

मान वर केली, तर तो हातातल्या फोनकडे बघत होता. वाटलं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. त्याचे वडील गावात शाळामास्तर. त्यांनीच ह्याला इकडे शिकायला पाठवलेलं. आठ महिने त्यांचा फोन लागत नव्हता.

"दोन्ही काढा," तो म्हणाला. "मी अजून एकदा फोन लावून बघतो, मग सांगतो कुठलं लावायचं."

दोन्ही पानांच्या पाच-पाच प्रती काढून मी टेबलावर ठेवल्या आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. तो बाहेर रस्त्यावर फोन कानाला लावून उभा. युनिव्हर्सिटीची खिडकी चारला बंद होणार होती. साडेतीनला यादगिरीने पाच प्रती त्याच्या हातात कोंबल्या. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. "भागो भाई, भागो!" आणि इद्रिस धावत सुटला.

कुठलं पान लावायचं, ते कुणी सांगितलंही नाही आणि विचारलंही नाही.

* * *

त्याच्या तोंडी परीक्षेला आम्ही तिघं गेलो. तिथे दार सगळ्यांना उघडं असतं. इतर पोरांचं अख्खं घर येतं, फोटो काढतं. ह्याचं कोण येणार? हे इस्त्रीचा शर्ट घालून, यादगिरी हाताचा गोंद घासून, मी डबाभर बेसनाचे लाडू घेऊन. घरच्यांच्या खुर्च्यांवर आम्हीच बसलो.

इद्रिस झकास बोलला. परीक्षक म्हातारे गृहस्थ, दिल्लीचे. खूश झाले. शेवटी म्हणाले, "उत्तम. एवढी एक बाइंडिंगची चूक दुरुस्त करून घ्या." आणि प्रबंध उघडून त्यांनी पुढे धरला. एका बाजूला ‘माझ्या वडिलांना’. समोर काळी चौकट.

अर्पणपत्रिकेच्या पानावर आकडा नसतो. यादगिरीने टेबलावर होती ती दोन्ही पानं लावून टाकली होती. माझ्या शेजारी त्याने डोकं धरलं.

"ह्यातलं एक जास्तीचं आहे," परीक्षक म्हणाले. "कुठलं काढायचं?"

इद्रिसने दोन्ही पानांवर हात ठेवला. मग आमच्या खुर्च्यांकडे बघितलं.

"तुम्हीच काढा, सर," तो म्हणाला. "मला अजून जमलं नाही."