सोळा, अठरा की वीस?

सायकल कोणाचीही असो, नर्सबाई तिच्यावर थेट कधी बसत नसत. आधी सीटखाली हात घालून मागचं चाक जमिनीवरून उचलायच्या, दुसऱ्या हाताने पायडल एकदाच पूर्ण फिरवायच्या आणि तेवढ्यात चाक किती फिरलं ते डोळे बारीक करून बघायच्या. मग म्हणायच्या, "हे झालं सायकलचं. आता पायाला इचारू."

कर्जत स्टेशनाजवळ माझं सायकल दुरुस्तीचं आणि भाड्याचं दुकान होतं. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, तरी टायर-ट्यूब मिळायची मारामार होती. बाई भिसेगावात एका खोलीत राहायच्या. मूळच्या खालापूरकडच्या शेतकरी घरातल्या. लहानपणीच नवरा गेला. भावाने हट्टाने पुण्याला सुईणकाम शिकायला पाठवलं, आणि तिथून त्या आमच्या कर्जतच्या दवाखान्यात आल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, हॅन्डलला काळी बॅग, आणि रस्त्यात कोणी नमस्कार केला तर घंटी वाजवून उत्तर. तुम्ही तेव्हा आमच्या बाजूला राहत असता, तर दिवसातून एकदा तरी ती घंटी तुमच्या कानावर आलीच असती.

सायकल दवाखान्याची होती. तिच्या मागच्या चाकाला वीस दातांचं फ्रीव्हील, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, मीच बसवून दिलं होतं. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागे दात जास्त, तर पाय हलका चालतो, चढ सोपा जातो, पण सपाटीला कितीही पाय मारले तरी सायकल फार पुढे जात नाही. दात कमी, तर पाय जड, पण एकदा वेग धरला की एका फेऱ्यात सायकल लांब पळते. आडगावचे चढउतार करणाऱ्या बाईंना वीसच बरं होतं.

खोपोलीला एका कारखान्याच्या वसाहतीत दर हिवाळ्यात खेळ व्हायचे. मैदानाभोवती मुरूम टाकून, रोलर फिरवून गोल धावपट्टी केली होती. तिच्यावर सायकलची दहा फेऱ्यांची शर्यत लागायची. हौशी लोकांची शर्यत, पण माणसं अशी तयारी करायची की बघत राहावं. एका वर्षी मी तिथे निघालो, तर बाई म्हणाल्या, "थांब रं, मी पण येते."

मला वाटलं, बघायला येतायत. तिथे पोचल्यावर त्या सरळ टेबलापाशी गेल्या आणि नाव द्यायला लागल्या. चिटणीस गोंधळला.

"बाई, महिलांसाठी सावकाश सायकल आहे. जी सगळ्यात शेवटी पोचेल तिचा नंबर."

"सावकाश जायचं तर मी चालत जाईन की. ही दहा फेऱ्यांची लिवा."

त्याने इकडे तिकडे बघितलं. कोणी नको म्हणेना, म्हणून लिहिलं. बायकांच्या घोळक्यात हसू फुटलं, पुरुषांच्या घोळक्यात जरा जास्तच.

शिट्टी झाली आणि हसू थांबलं. बाई सगळ्यांच्या आधी सुटल्या. हलक्या चाकाचा तो गुण. बाकीचे सोळा दात लावून आलेले, त्यांना सायकल हलवायलाच दम लागला. पाच फेरे बाई पुढे होत्या. मग सोळावाल्यांनी वेग धरला आणि एकेक जण त्यांना ओलांडून गेला. बाईंचे पाय शिवणयंत्रासारखे चालले होते आणि सायकल होती तिथेच असल्यासारखी वाटत होती. पहिला आला तो कारखान्यातला वायरमन. गेल्या वर्षीही तोच जिंकला होता.

बाई उतरल्या, पदराने तोंड पुसलं. "पाय नुसतेच फिरले रं," एवढंच बोलल्या.

गोष्ट तिथेच थांबली असती. पण कोणीतरी वर कळवलं की दवाखान्याची सायकल शर्यतीत फिरवली. आठवड्याच्या आत सायकल काढून घेतली. 'स्वतःची सायकल नसल्यास परिचारिकेने पायी अथवा बैलगाडीने जावे' असा हुकूम आला. दुसऱ्या दिवसापासून बाई बॅग खांद्याला लावून चालायला लागल्या.

पावसाळा सरता सरता पळसदरीच्या वरच्या वाडीतून एक ठाकर बोलवायला आला. बायको अडली होती. बाई जवळजवळ पळतच गेल्या. परतताना माझ्या दुकानात आल्या आणि फळीवर बसल्या. पायांना गुडघ्यापर्यंत चिखल.

मी विचारलं, "काय झालं, बाई?"

"बाई वाचली. पोर नाय वाचलं." त्यांनी समोरच्या सायकलींकडे बघितलं. "थोडी आधी पोचले असते तर..." मग विचारलं, "खोपोलीची शर्यत कवा हाय? आणि पहिल्याला काय देतात?"

त्या वर्षी पहिल्याला नवी सायकल होती. मी सांगितलं. त्या उठल्या. "तुझी एक भाड्याची दे मला. रोज सकाळी, दवाखाना उघडायच्या आत."

भात कापून झालं होतं. भिसेगावच्या बाहेर एका रिकाम्या शेतात आम्ही बांधाच्या कडेने गोल आखला. पहिल्याच सकाळी बाई म्हणाल्या, "सोळा लाव."

"बाई, जड जाईल."

"त्या बाप्यांना जातं ते मला जात नाय? लाव."

लावलं. सायकल सुटता सुटेना. वळणावर वेग पडला की तो पुन्हा धरायला त्या उभ्या राहून पायडलवर सगळं अंग टाकायच्या. चार दिवस हट्टाने चालवलं. पाचव्या दिवशी गुडघा सुजला, तेव्हा लंगडत आल्या आणि स्वतःच हसल्या. "पाय नाय म्हणतोय. मी उगा त्याच्या डोक्यावर बसले."

मग अठरा लावलं. हे ना हलकं, ना जड. वळणावर वेग पडला तरी दोन पायांत परत यायचा. अडचण एकच होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात सोळावाल्याला गाठायचं, तर त्याच्या दुप्पट नाही पण बरेच जास्त पाय मारायला हवेत, आणि तेही दम संपलेला असताना. बाईंनी त्यावर उपाय काढला. पळसदरीच्या उतारावर जायच्या आणि खाली येताना पाय एकदाही थांबू द्यायच्या नाहीत. उतारावर सायकल स्वतःच पळते, तिच्या पुढे पाय पळवायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले. महिन्याभराने वरून येताना बाईंचं अंग असं स्थिर असायचं, की डोक्यावर पाण्याची कळशी ठेवली असती तरी हिंदकळली नसती. पाय तेवढे दिसायचे नाहीत.

शर्यतीच्या सकाळी मी दोन चाकं नेली, एक सोळाचं आणि एक अठराचं. घाटावरून वारा आला तर अठरा, पडला तर बघू, असं मनात होतं. त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. वायरमन सोळा लावून आला होता. मी पाना काढला.

"बाई, वारा नाही. सोळाच लावू. आज सरळ पट्ट्यात तुम्हाला अठरा पुरणार नाही."

त्या धावपट्टीवर एक फेरा सावकाश मारून आल्या. "वारा नाय, पण वळणं हायत ना? परवाच्या अवकाळी पावसाने मुरूम ढिला झालाय तिथं. हे सगळे तिथं अडणार. अठराच राहू दे."

"आणि शेवटी?"

"शेवटी पायाचं मी बघते."

शिट्टी झाली. या खेपेला हसायला कोणी नव्हतं, गेल्या वर्षीचं लोकांना आठवत होतं. बाई पुढे गेल्या नाहीत, मधेच राहिल्या. प्रत्येक वळणावर ढिल्या मुरमात बाकीचे मंदावायचे, पुन्हा सायकल उचलायला उभे राहायचे, आणि बाई बसल्या जागेवरून एकेकाला मागे टाकायच्या. सातव्या फेऱ्याला पुढे फक्त वायरमन उरला. आठव्याला वळणावर त्याला गाठलं, सरळ पट्ट्यात तो निसटला. नवव्यालाही तसंच. शेवटच्या वळणावर बाई आतून निघाल्या आणि पुढे गेल्या.

आता उरला सरळ पट्टा. सोळा दातांनी वेग धरला आणि वायरमन मागून यायला लागला. त्याचं पुढचं चाक बाईंच्या मागच्या चाकाशी आलं, मग पायडलशी. मी काय ओरडत होतो देव जाणे. बाईंनी मान खाली घातली आणि पाय सोडले. उतारावर पाहिले होते तेच पाय. अंग जागच्या जागी, खाली नुसता भोवरा. हातभर फरकाने त्यांनी दोरी तोडली.

वायरमन धापा टाकत जवळ आला. माणूस दिलदार. "बाई, तुमचे पाय दिसतच नव्हते हो."

"मलाबी नाय दिसले," बाई म्हणाल्या आणि मातीतच बसल्या.

बक्षीस देताना चिटणीस पुन्हा अडखळला. "सायकल आडव्या दांडीची आहे, पुरुषांची. तुम्हाला काय उपयोग? त्याऐवजी आपण भांड्यांचा संच..."

बाई उठल्या आणि सायकलीचं हॅन्डल धरलं. "दांडी बरी हाय. बोलवायला येतो त्या नवऱ्याला बसवीन तिच्यावर."

सारं मैदान हसलं, चिटणीससुद्धा. पण त्यानंतर मी खरंच पाहिलं आहे, घाबरलेला एखादा नवरा दांडीवर अंग चोरून बसलाय आणि मागे बाई चढ चढतायत. परत येतानाच त्यांनी माझ्याकडून नव्या सायकलीला वीस दात बसवून घेतले. मी म्हटलं, "अठराने जिंकून दिलं की!"

"ते मैदानात. वाडीच्या वाटेवर कोणी रोलर फिरवलाय?"

काही वर्षांनी बाईंची बदली झाली, खाली खाडीकाठच्या गावात. निघताना सायकल माझ्या दुकानात आणून लावली. "तिकडं होडीने जायचंय. ही हितंच राहू दे. नवी बाई येईल तिला दे." गाडी सुटली तेव्हा खिडकीतून फक्त हात दिसला. पुन्हा भेट नाही.

नव्या नर्सबाई आल्या. वयाने लहान, बारीक अंगाच्या. सायकल दवाखान्यात नेऊन दाखवली तर दोन पावलं मागे सरल्या. "मला नाही येत हो. आणि लोक काय म्हणतील?"

मी परत निघालो, एवढ्यात वरच्या वाडीतून एक म्हातारी दवाखान्यात चौकशीला आली. सुनेचे दिवस भरत आले होते. दारात नव्या बाईंना बघून तिने मला बाजूला घेतलं.

"ही बाई कशावर येनार रं?"

"चालत," मी म्हटलं.

म्हातारीने उन्हात उभ्या असलेल्या त्या सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

म्हातारीचा प्रश्न मी नव्या बाईंच्या कानावर घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. भिसेगावच्या शेतात नव्या बाई हॅन्डल गच्च धरून बसल्या होत्या, मी सीट धरून मागे धावत होतो आणि ओरडत होतो, "खाली बघू नका, बाई. पाय थांबवू नका."